दोन पावत्या

घरमालक आणि भाडेकरू या माणसांच्या दोन वेगळ्या जाती असतात, असे लहानपणी मला वाटत असे. गिरगावातल्या आमच्या चाळीत दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरमालकाचा मुनीम काखेत पावतीपुस्तक मारून येई. तो जिना चढू लागला की वडील वर्तमानपत्र बाजूला ठेवीत आणि गळका नळ, गॅलरीचा मोडका कठडा, गच्चीतून झिरपणारे पाणी यांची यादी मनातल्या मनात जुळवू लागत. मुनीम ती यादी शांतपणे ऐके, पावती फाडी आणि पुढच्या खोलीकडे वळे. मालक नावाचा प्राणी पैसे नेतो आणि ऐकत नाही, एवढे ज्ञान मला त्या वयात झाले. मे महिन्याच्या सुटीत पुण्याला आजोबांच्या वाड्यात गेलो की हेच नाटक मागच्या बाजूने पाहायला मिळे. वाड्याच्या रस्त्याकडच्या गाळ्यात एक तरुण बुकबाइंडर होता. त्याचे भाडे आले की आजी ते तळहातावर घेऊन म्हणे, "एवढ्यात देवाच्या तेलवातीचा तरी खर्च भागतो का?" भाडेकरू नावाचा प्राणी जागा अडवतो आणि काही देत नाही, हे माझे दुसरे ज्ञान. ही दोन्ही ज्ञाने माझ्या डोक्यात सुखाने नांदत होती, कारण दोहोंच्या मध्ये बोरघाट होता.

आज वडील नाहीत आणि आजीही नाही. गिरगावची खोली माझ्या नावावर झाली आहे, आणि वाड्याचा निम्मा वाटा माझ्याकडे व निम्मा धाकट्या भावाकडे आला आहे. खोलीचे भाडे करांसह महिना ३१२ रुपये. बाइंडरच्या गाळ्याचे भाडे २००० साली ७५ रुपये होते. कायद्याप्रमाणे दरसाल चार टक्के वाढ घेता येते, ती घेत घेत आता ते दोनशेच्या आसपास पोचले आहे. त्याच रस्त्यावर दोन दुकाने सोडून तेवढ्याच गाळ्याला महिना पंचवीस हजार मिळतात. म्हणजे दर महिन्याला मी एक पावती घेतो आणि एक पावती लिहितो, आणि दोन्ही एकाच पाकिटात ठेवतो. पण त्या दोहोंकडे एकदम पाहण्याचा प्रसंग मात्र अलीकडेच आला. तो आणला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने.

हा मुलगा शाळेत असताना गणितात चांगला आणि निबंधात कच्चा होता. आता त्याचे उत्तम चालले आहे. दुकाने, गाळे, कचेऱ्या यांच्या तारणावर बँकांकडून कर्ज मिळवून देणे हा त्याचा धंदा. त्याला दलाल म्हटलेले आवडत नाही. कार्डावर 'सल्लागार' असे छापलेले आहे. मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी रक्कम कशी उभी करावी या विवंचनेत मी होतो. ते त्याच्या कानावर गेले आणि तो आपण होऊन घरी आला. खरे सांगायचे तर त्याचा हेतू चांगला होता.

"सर," तो म्हणाला, "२०२५ च्या आरंभी रेपो दर साडेसहा टक्के होता, डिसेंबरात तो सव्वापाचवर आला. पैसा स्वस्त झाला आहे. आणि तुमचा गाळा नुसता झोपून आहे."

मग त्याने मला त्याच्या धंद्याचे गणित समजावून सांगितले. जागा चांगल्या भाड्याने दिलेली असली, तर बँक पुढच्या काही वर्षांचे भाडे मोजते, त्याची आजची किंमत काढते आणि तिच्यातला काही हिस्सा आजच कर्जाऊ देते. त्यानंतर भाडे मालकाच्या हाती येत नाही. ते परस्पर बँकेच्या खात्यात जमा होते आणि त्यातून हप्ता वळता होतो. औषधांच्या दुकानांची साखळी चालवणारी एक कंपनी त्याच्या पाहण्यात होती. ती गाळा घ्यायला तयार होती. त्या करारावर पंधरा लाख सहज उभे राहतील, असा त्याचा अंदाज होता.

"आणि बाइंडरकाका?" मी विचारले.

"काका आहेत तोवर गाळ्याची किंमत शून्य," तो म्हणाला. "पण वाडा जुना आहे. मागची भिंत तर फुगलीच आहे. धोकादायक म्हणून रिकामा करून घेता येईल."

त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. एखादा वैद्य नाडी पाहून सांगतो तसे तो सांगत होता. पण एका माणसाच्या असण्याने जागेची किंमत शून्य होते आणि तो उठून गेल्याबरोबर ती पंधरा लाख होते, हे त्याचे वाक्य माझ्या मनातून जाईना. पुढे ध्यानात आले की भाडेकरूमुळे किंमत जाते, असेही नाही. कंपनी हीदेखील भाडेकरूच, आणि तिच्यामुळे तर किंमत येते. मग एक भाडेकरू उत्पन्न आणि दुसरा बोजा, हा फरक कोणी केला? काकांनी केला नाही आणि मीही केला नाही. तो कायद्याने केला. तेव्हा आधी त्या कायद्याकडे वळणे भाग आहे.

मुंबईत भाड्यावर बंधन घालणारा पहिला कायदा १९१८ चा, महायुद्धाच्या अखेरीचा. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच निकड आली, आणि १९४७ साली मुंबई राज्याचा प्रसिद्ध भाडेनियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच, थोड्याफार फरकाने, प्रमाण भाडे धरले गेले. आणि कायद्यात सांगितलेल्या कारणांवाचून भाडेकरूला उठवता येणार नाही असे ठरले. त्या वेळची मुंबई डोळ्यांपुढे आणली तर यात चूक काढणे कठीण आहे. युद्ध, फाळणी, निर्वासितांचे लोंढे, गिरण्यांकडे येणारा कोकण आणि घाट. अशा वेळी मालकाला मोकळे सोडले असते तर निम्मे शहर फुटपाथवर आले असते. माझे वडील त्या कायद्याच्या आधारावरच मुंबईत टिकले आणि मी शिकलो. त्या कायद्याचे मीठ मी खाल्ले आहे.

पण तो कायदा तात्पुरता होता, आणि आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टीइतके दीर्घायुषी दुसरे काही नसते. त्याला मुदतवाढ मिळत गेली. १९४० चे भाडे १९६० साली चालले, १९८० साली चालले. शेवटी डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जे बंधन आरंभी न्याय्य होते ते काळाच्या ओघात मनमानी झाले आहे. त्यानंतर महाराष्ट्राने १९९९ चा नवा कायदा केला आणि तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. चार टक्क्यांची वाढ त्याचीच. चार टक्क्यांनी शंभर रुपयांचे पंचवीस वर्षांत सुमारे दोनशे सदुसष्ट होतात. मूळ भाडेच जिथे दोन आकडी, तिथे या वाढीने काय होणार, हे माझ्या चौथीच्या वर्गातली मुलेही सांगतील.

आपल्या भाषेत एक म्हण आहे, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. दान आपण करायचे आणि मिठाई दुसऱ्याची द्यायची. १९४७ च्या कायद्याने शहरातल्या दुबळ्यांना स्वस्तात निवारा दिला, पण समाजाने आपल्या तिजोरीला हात लावला नाही. तुळशीपत्र ज्याच्या त्याच्या घरमालकाच्या छपरावर ठेवून दिले. त्या छपराखाली गिरणीचा मजूर राहत होता तसा दहा दुकानांचा धनीही राहत होता. दोघांनाही दान सारखेच मिळाले. आणि मालकांमध्ये गडगंज शेटजी होते तशा एका चाळीवर गुजराण करणाऱ्या विधवाही होत्या; दोघांकडून वसुलीही सारखीच झाली.

याच्या उलट कूळकायदा पाहा. १ एप्रिल १९५७ या कृषिदिनी कायद्याने कुळाला जमिनीचा मालक म्हटले, आणि त्याने मूळ मालकाला ठरावीक किंमत द्यावी असे सांगितले. ती किंमत पुरेशी होती की नाही हा वाद बाजूला ठेवू. पण व्यवहार स्पष्ट होता. जमीन कसणाऱ्याची झाली. घराच्या बाबतीत असा निर्णय कोणी घेतलाच नाही. मालकी एकाची आणि उपभोग दुसऱ्याचा, अशा त्रिशंकू अवस्थेत हजारो इमारती सोडून दिल्या. मालक दुरुस्ती करीना, कारण त्याला परवडेना. भाडेकरू करीना, कारण घर त्याचे नव्हे. इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ साली मुंबई बेटावरच्या साडेएकोणीस हजारांहून अधिक जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्तीसाठी मंडळ नेमावे लागले. पागडी घेणे कायद्याने गुन्हा होता. माझ्या वडिलांनी खोली घेताना ती दिली, आणि अर्थातच त्या रकमेची पावती नाही. पुढे १९९९ च्या कायद्याने पागडीलाच मान्यता दिली. आधी जे चोरून चालत होते ते उघड झाले, एवढाच बदल.

आता त्या कायद्याची दुसरी बाजू. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानगीवर, म्हणजे 'लीव्ह अँड लायसन्स'वर जागेत होते त्यांनाही कायद्याने भाडेकरू मानले. हेतू पुन्हा चांगला होता. पण त्यानंतर ज्याच्याकडे जादा खोली होती तो ती देण्यापूर्वी दहादा विचार करू लागला. आज नव्याने येणाऱ्याला मिळतो तो अकरा महिन्यांचा करार. मुदत संपली की बिऱ्हाड पाठीवर. त्याला भाड्याची सवलत नाही आणि राहण्याची शाश्वतीही नाही. दुकानांच्या बाबतीत तर आणखी एक चमत्कार आहे. ज्या कंपनीचे भरणा झालेले भांडवल एक कोटी किंवा अधिक आहे, तिला १९९९ च्या कायद्याने संरक्षणातून वगळले. बलवानाला संरक्षण कशाला, हा विचार योग्यच आहे. परंतु त्याचा परिणाम काय झाला? माझा विद्यार्थी आणि त्याच्यासारखे सगळे मध्यस्थ सर्वांत आधी हेच पाहतात, की येणारा भाडेकरू कायद्याच्या छत्राबाहेरचा आहे ना? बाहेरचा असेल तर यावे. एखादा शिंपी, एखादा घड्याळजी, दुसरा एखादा बाइंडर आला, तर त्याला कायद्याचे छत्र आहे, म्हणूनच त्याला दार बंद. दुबळ्याला जे कवच दिले तेच त्याच्या अपात्रतेचे कारण झाले.

या सगळ्याचा विचार करता करता मला वाटू लागले की आपण दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारून ठेवली आहे. एक निश्चिंती आणि दुसरी स्वस्ताई. मला उद्या कोणी कारणावाचून उठवणार नाही, ही निश्चिंती. मला बाजारापेक्षा कमी पैसे द्यावे लागतील, ही स्वस्ताई. जुन्या भाडेकरूला आपण दोन्ही दिल्या आणि नव्याला दोन्ही नाकारल्या. एकाच चाळीत एका खोलीत आजोबांच्या पुण्याईने दोन्ही सुखे भोगणारा मी आहे, आणि शेजारच्या खोलीत अकरा महिन्यांनी मुलाची शाळा बदलावी लागेल का, या काळजीत असलेले एक तरुण जोडपे आहे. आमच्या दोघांच्या गरजेत, कष्टात किंवा लायकीत काही फरक आहे का? फरक आहे तो तारखेचा.

ही गाठ सोडवता येते का? माझ्या विद्यार्थ्याचा एक मावसभाऊ इंग्लंडात हाच गहाणकर्जाचा धंदा करतो. दोघांचे फोनवर बोलणे होते, त्यामुळे तिकडची हकीकत त्याच्याकडून कळली आणि पुढची मी वाचून काढली. इंग्लंडात १९५४ पासून दुकानदार भाडेकरूंसाठी एक कायदा आहे. मुदत संपली तरी दुकानदाराला करार नवा करून मागण्याचा हक्क आहे, आणि मालकाला नकार द्यायचा तर कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एखादे दाखवावे लागते. भाडे मात्र बाजारभावाने ठरते. जमले नाही तर न्यायालय ठरवते, आणि तसे ठरवताना दुकानदाराने स्वतःच्या मेहनतीने मिळवलेल्या नावलौकिकाचा भार त्याच्याच डोक्यावर टाकत नाही. म्हणजे निश्चिंती आहे, स्वस्ताई नाही. उभयतांनी आधीच ठरवून हा हक्क सोडून देता येतो ही त्यातली पळवाट, आणि तिचा उपयोग पुष्कळ होतो. तरी दोन गोष्टी वेगळ्या करता येतात हे त्यावरून दिसते.

राहत्या घरांच्या बाबतीत त्याच देशाने उलटा रस्ता धरला होता. १९८८ च्या कायद्याने मालकाला कारण न देता दोन महिन्यांच्या सूचनेवर भाडेकरूला काढण्याची वाट करून दिली. १९९६ पासून भाड्याने देण्यासाठीच घरे विकत घेणाऱ्यांना खास कर्जे मिळू लागली, आणि असंख्य साधी नोकरदार माणसे गहाणकर्जावर घरमालक झाली. भाडे हे व्याजाच्या निदान सव्वापट असावे, असा तिकडच्या सावकारांचा साधारण दंडक. म्हणजे भाडेकरूच्या खिशातून मालकाचा हप्ता भागणार, हे गृहीतच. आता ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या नव्या कायद्याने ते विनाकारण काढणे बंद केले आणि अंमलासाठी १ मे २०२६ ही तारीख नेमली. तेव्हा मावसभावाला चिंता पडली ती अशी, की जागा लवकर रिकामी होणार नसेल तर सावकार कर्ज देताना हात आखडता घेतील का? धंद्याच्या दृष्टीने प्रश्न रास्त आहे. पण त्या प्रश्नात भाडेकरू हा माणूस कुठेच नाही. तो हप्ता वाहून आणणारा पाट आहे. पाणी आले की झाले.

मी हे विद्यार्थ्याला बोलून दाखवले. तो हसला आणि म्हणाला, "सर, उलट आम्हालाच टिकणारा भाडेकरू हवा असतो. कंपनीने निदान इतकी वर्षे जागा सोडायची नाही, अशी अट करारात असल्यावाचून बँक कर्ज देत नाही. भाडेकरू उठून गेला तर हप्ता कोण भरणार?"

हे ऐकून मी क्षणभर गप्प झालो. जी निश्चिंती बाइंडरने मागितली की ती मालकाच्या हक्कावरचे अतिक्रमण ठरते, तीच निश्चिंती बँक मागते तेव्हा शहाणपणाची अट ठरते! भाडेकरूने वर्षानुवर्षे एका जागी राहावे यात लाज वाटण्याजोगे काही नाही, मालकाच्या हिताविरुद्धही काही नाही, हे पैशाच्या व्यवहारातले सर्वांत कठोर लोक मान्य करतात. फक्त ते ती शाश्वती स्वतःसाठी लिहून घेतात. मग जो माणूस त्या जागेत आपले हात झिजवतो त्याला ती का नसावी?

म्हणून माझे मत असे बनले आहे. निश्चिंती हा राहणाऱ्याचा हक्क आहे, आणि तो जुन्याला आहे तसा नव्यालाही असला पाहिजे. स्वस्ताई हा मात्र कोणा एका मालकाविरुद्धचा हक्क नव्हे. ज्याला बाजारभाव परवडत नाही त्याला आधार देणे हे सबंध समाजाचे काम आहे आणि त्याचा खर्च समाजाने केला पाहिजे. हे अशक्य म्हणावे तर वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या २०७ बीडीडी चाळी इंग्रज सरकारने शंभर वर्षांपूर्वी स्वतःच्या खर्चाने बांधल्याच होत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी बहुमताने सांगितले की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. हा वाद मुंबईच्या याच जुन्या इमारतींवरून, महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट किंमत देऊन त्या संपादन करण्याच्या १९८६ च्या तरतुदीवरून उभा राहिला होता. मी कायदेपंडित नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. पण मला त्याचा अर्थ असा वाटतो, की शेजाऱ्याच्या घरावर समाजाला हक्क सांगायचा असेल तर समाजाने आधी आपला खिसा दाखवावा.

इथवर लिहून थांबलो असतो तर हा निबंध शाळेतल्या फळ्यावर शोभला असता. परंतु मत बनवणे सोपे असते. पाकिटात दोन पावत्या होत्या.

एका रविवारी मी भाडे द्यायला स्वतःच मालकीणबाईंकडे गेलो. मुनीम कधीच गेला. आता त्या स्वतःच पावत्या लिहितात. ऐंशीच्या घरातल्या आहेत. आमच्या चाळीतल्या चाळीस खोल्यांचे भाडे मिळून जे येते ते करात आणि दिवाबत्तीत जाते. मी सवयीप्रमाणे गॅलरीच्या कठड्याची तक्रार केली. वडिलांनी केली होती तीच. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या पुण्याच्या वाड्याची भिंत बांधलीत का?" कुठून तरी त्यांना कळले होते. मी म्हणालो, "भाडे येते दोनशे, भिंत कशी बांधू?" आणि माझे वाक्य मलाच ऐकू आले. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी पावती फाडली.

पुढे चाळीच्या सभेत मी सुचवून पाहिले, की ज्यांना शक्य आहे त्यांनी आपण होऊन जास्त रक्कम द्यावी, निदान दुरुस्तीपुरती. सभेत शांतता पसरली. मग एक गृहस्थ म्हणाले, "मास्तर, आज जास्त दिले की उद्या तेच भाडे ठरेल. आणि वरच्या मजल्यावरच्या आजी कुठून देणार?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्या आजी पोळ्या लाटून जगतात. पण मी हेही पाहिले की त्या आजींचे नाव घेणाऱ्यांच्या तीन मोटारी खाली उभ्या होत्या. गरिबाच्या आडोशाला उभे राहून आपण किती जण आपली सवलत वाचवतो! मीही त्यांतलाच आहे, कारण सभेनंतर कोणी विरोध केला नाही याचे दुःख करीत मी शांतपणे झोपलो.

मग मी पुण्याला गेलो. काका आता पंचाहत्तरीला आले आहेत. माझ्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित त्यांनीच बांधून दिले होते आणि पैसे घेतले नव्हते. गाळ्यात खळीचा तोच वास होता. मी त्यांना सगळे सांगितले. विद्यार्थ्याचे बोलणेही लपवले नाही. म्हणालो, "काका, तुम्हाला उठवायचे नाही हे मी ठरवले आहे. पण भाड्याचे काही करता येईल का? महिना दोन हजार जमतील?"

ते बराच वेळ एका वहीची कड दाबत राहिले. मग म्हणाले, "जमतील. खोटे कशाला बोलू? दोनशे द्यायला मला लाज वाटते, मास्तर. पण दोन हजार द्यायला भीती वाटते."

"भीती कसली?"

"जास्त भाडे म्हणजे नवा करार. नवा करार म्हणजे जुना हक्क गेला, असे सगळे सांगतात. तुमच्यावर माझा विश्वास आहे. तुमच्या मागे कोण? तुमच्या भावाचे काय?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. भावाला पैसे हवे आहेत आणि त्याचे हवे असणे गैर नाही. मी दिलेला शब्द माझ्या आयुष्याएवढाच टिकणार. ज्या प्रामाणिक माणसाला दोन हजार द्यायचे आहेत तोही दोनशेला चिकटून बसतो, कारण स्वस्ताई सोडली की निश्चिंतीही जाईल असे त्याला वाटते. आपल्या कायद्याने मारलेली गाठ मी इतकी जवळून कधी पाहिली नव्हती. तिने काकांना लोभी केलेले नाही. त्यांच्या प्रामाणिकपणाला वाट ठेवलेली नाही. ती सोडवायला एका मालकाचा चांगुलपणा पुरत नाही, आणि एका भाडेकरूचाही नाही. माणसाच्या चांगुलपणाला टेकायला काहीतरी लागते, आणि त्यासाठीच कायदा करायचा असतो. दानधर्म कोणाकडून करवून घ्यायचा एवढेच त्यात लिहिले, तर तो अपुरा राहतो.

काकांचे भाडे दोनशेच राहिले. मागची भिंत मी आणि भावाने मिळून निम्म्या निम्म्या खर्चात बांधून घेतली. काकांनी विटांचे पैसे दिले आणि पावती मागितली नाही. मुलीसाठी साधे शैक्षणिक कर्ज काढले. ते त्याच विद्यार्थ्याने धावपळ करून मिळवून दिले. जाताना तो म्हणाला, "सर, तुमचे म्हणणे पटते, पण बँकेच्या फॉर्मात त्यासाठी रकाना नाही." मी म्हणालो, "अरे, आमच्या कायद्यात तरी कुठे आहे?"

आणि गिरगावच्या खोलीचे काय, असे वाचक विचारतील. विचारणे योग्यच आहे. गेले काही महिने मी मालकीणबाईंना भाड्याखेरीज दुरुस्तीच्या नावाने एक वेगळी रक्कम देतो. फार मोठी नाही. मास्तराला झेपेल इतकी. त्यांनी पहिल्यांदा ती घेतली तेव्हा पावतीपुस्तक उघडले आणि एकूण रकमेचा आकडा लिहू लागल्या. मी घाईघाईने त्यांचा हात थांबवला आणि म्हणालो, "पावती तीनशे बाराचीच द्या."